ब्रॉड बीन्स नोव्हेंबरात टोकायच्या का? थंडीपेक्षा ओलीची काळजी करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडमध्ये लीड्सजवळ अलॉटमेंट (भाजी पिकवायला भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा) मिळाली आहे, माती चिकण आहे. यंदा मार्चच्या शेवटी ब्रॉड बीन्स लावल्या आणि जूनमध्ये शेंड्यांवर काळा मावा इतका बसला की शेंगा धड भरल्याच नाहीत. शेजारच्या प्लॉटवरचे आजोबा म्हणतात, 'नोव्हेंबरात लाव, मावा लागत नाही.' पण पुढे चार महिने बर्फ आणि अंधार असताना बी जगणार कसं, हे तुम्हाला पटत नाही. शिवाय हा आपला पावटाच का, हेही विचारलंय.

पावट्याचं आधी उरकते. हा पावटा नाही आणि वालही नाही. दाणा पाहून तसं वाटतं खरं, मलाही वाटलं होतं. माझं माहेर रोह्याजवळ. भात कापून झालं की शेतातल्या उरलेल्या ओलीवर वाल पेरायचे. वरून पाणी द्यायचं नाही, थंडीतल्या दवावर पीक हाताशी यायचं. त्यामुळे 'थंडीतलं कडधान्य' म्हटलं की माझ्या डोक्यात वालच. पण रोह्याची थंडी म्हणजे अंगावर एक चादर. वाल, पावटा ही उष्ण देशातली वेलवर्गीय झाडं, एका फ्रॉस्टमध्ये, म्हणजे दव गोठवणाऱ्या थंडीत, काळी पडतात. ब्रॉड बीन म्हणजे ज्याला हिंदीत बाकला म्हणतात ते. हे वेल नसून चौकोनी, पोकळ खोडाचं सरळ उभं झाड असतं आणि नात्याने ते वालापेक्षा वाटाण्याला जवळ आहे. थंडी त्याच्या अंगातच आहे. म्हणून रोह्याचा अनुभव इथे अर्धाच कामी येतो. शेतातली ओल कशी ओळखायची एवढा भाग घ्या, बाकीचा सोडून द्या.

आता मुख्य मुद्दा. थंडीत बी मरेल ही भीती तुम्हाला वाटते, पण माझ्या प्लॉटवर शरद ऋतूत लावलेल्या ब्रॉड बीन्स थंडीने क्वचितच गेल्या. गेल्या त्या साचलेल्या पाण्याने, उंदरांनी, वाऱ्याने, आणि एकदा माझ्या घाईने. मी लेस्टरजवळ २००७ पासून अर्धा प्लॉट करते आणि माझीही माती चिकणच आहे. डिसेंबर २०१० तुम्ही इथे पाहिला नसेल. ब्रिटनमध्ये शंभर वर्षांत इतका थंड डिसेंबर झाला नव्हता. बर्फ वितळल्यावर प्लॉटवर गेले तर रोपांचे शेंडे काळे पडून लोळत होते. सगळं उपटून टाकायला निघाले होते, तेव्हा शेजारच्या एका जुन्या माळीबुवांनी थांबवलं. फेब्रुवारीअखेर त्याच रोपांच्या बुडातून दोन-दोन, तीन-तीन फुटवे आले आणि जूनमध्ये शेंगा मिळाल्या. मुख्य खोड मेलं तरी जमिनीलगतचे डोळे जिवंत असतात, हे मी त्या वर्षी शिकले. त्यानंतर जानेवारीत रोप कसंही दिसलं तरी उपटत नाही.

याउलट ऑक्टोबर २०२३ मध्ये बॅबेट वादळ येऊन गेलं आणि नंतरही पाऊस हटेना. त्या हिवाळ्यात म्हणावी अशी थंडी नव्हती, पण निम्म्याहून जास्त बी जमिनीतच कुजलं. उकरून पाहिलं तर साल तशीच होती आणि आत पांढरी पेज. म्हणून लीड्समध्ये किती उणे जातं यापेक्षा तुमच्या वाफ्यात पाणी किती वेळ थांबतं, हे मला आधी कळायला हवं. एक छोटी परीक्षा करा. फूटभर खोल खड्डा खणा, बादलीभर पाणी ओता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहा. पाणी पूर्ण जिरलेलं असेल तर थेट जमिनीत टोका. तळाशी डबकं असेल तर गादीवाफा करा किंवा कुंड्यांमध्ये रोपं तयार करा. पाणी जवळजवळ तसंच असेल, तर शरदातल्या पेरणीचा नाद सोडा आणि फेब्रुवारीअखेर लावा. त्यात कमीपणा काही नाही.

तारखेबद्दल तुमच्या आजोबांचं साधारण बरोबर आहे, फक्त त्यामागचं कारण समजून घ्या, कारण दरवर्षीचं हवामान सारखं नसतं. रोप हिवाळ्यात शिरताना बोटभर, म्हणजे पाच ते आठ सेंटीमीटर उंचीचं असावं. एवढं रोप आखूड आणि टणक असतं, वाऱ्याला फारसं सापडत नाही, आणि मुळं मात्र वरच्या भागापेक्षा बरीच पुढे गेलेली असतात. सप्टेंबरच्या उबेत लावलं तर नाताळपर्यंत ते वीतभर किंवा त्याहून उंच, लुसलुशीत होतं. पोकळ खोड वाऱ्याने जमिनीलगत मुडपतं आणि तिथून कुजायला लागतं. माझी घाई ती हीच. दसऱ्याला सोनं वाटून झालं आणि उत्साहाच्या भरात बीही टोकून टाकलं. डिसेंबरच्या पहिल्या वादळात सगळी ओळ आडवी झाली. उलट नोव्हेंबरअखेरपर्यंत थांबलात तर माती इतकी गार होते की बी हलतच नाही. ब्रॉड बीनला उगवायला चार-पाच अंश तापमान पुरतं, पण त्या तापमानाला कोंब वर यायला महिना लागू शकतो आणि तेवढा वेळ ते उंदरांसाठी वाढलेलं ताट असतं.

लेस्टरला मी ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा, एवढेच दिवस धरते. घड्याळं एक तास मागे जातात त्या रविवारपासून बॉनफायर नाइटपर्यंत, म्हणजे ५ नोव्हेंबरपर्यंत. तुम्ही उत्तरेला आहात, तेव्हा आठ-दहा दिवस आधी धरा. प्लॉट उंचावर, उघड्या माळावर असेल तर आणखी थोडं अलीकडे. दक्षिणेला किनाऱ्याजवळ राहणारी माझी एक मैत्रीण नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतही लावते आणि तिचं छान येतं. दिवाळीचा हिशेब मात्र धरू नका. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, २०२५ मध्ये ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात. तिथी मागेपुढे होते, जमिनीचं तापमान तिथी पाहून बदलत नाही.

वाण निवडताना काटकसर करू नका. पाकिटावर 'शरदात पेरण्यासाठी योग्य' असं स्पष्ट लिहिलेलं हवं. अ‍ॅक्वाडल्स क्लॉडिया हा जुना, एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेला वाण आहे आणि मी फिरून फिरून त्याच्याकडेच येते. सुपर अ‍ॅक्वाडल्स त्याचाच भाऊबंद. द सटन नावाचा बुटका वाण वाऱ्याच्या प्लॉटवर चालतो, पण त्याला हिवाळ्यात प्लास्टिकचा आडोसा लागतो. विंडसर प्रकारचे, आखूड रुंद शेंगांचे वाण चवीला फार चांगले, पण ते वसंतातच लावायचे. आणि अरबी दुकानात मिळणारे सुके तपकिरी दाणे पेरायचा मोह मलाही झाला होता. पाकिटातल्या बियांच्या मानाने अगदीच स्वस्त, मग होणारच. उगवलेही झकास. जानेवारीत बहुतेक सगळे गेले. ते दाणे कुठल्या हवेतले, कुणास ठाऊक. त्यांची उसळ करा.

आता प्रत्यक्ष टोकणी. जमिनीला वाफसा आला की कामाला लागा. माती मुठीत दाबली की गोळा व्हावा आणि बोटाने टिचकी मारली की फुटावा. बोटांना चिकटली तर त्या दिवशी घरी जाऊन चहा प्या. ओल्या चिकण मातीत पाय देऊन काम केलं की ती थापली जाते, आणि मग मार्चपर्यंत तिच्यातून पाणी उतरत नाही. वाफ्यावर चालावंच लागलं तर फळी टाकून चाला.

बी पाच सेंटीमीटर खोल, दोन बियांत वीतभर म्हणजे वीस सेंटीमीटर अंतर, आणि तेवढ्याच अंतरावर दुसरी ओळ. अशा जोडओळीनंतर किमान साठ सेंटीमीटर वाट सोडा. पहिल्या वर्षी हे अंतर तुम्हाला उधळपट्टी वाटेल. मे महिन्यात वाटणार नाही. तीन मीटरच्या जोडओळीला तीसेक बिया लागतात. त्याशिवाय ओळीच्या टोकाला आठ-दहा बिया दाटीवाटीने टोकून ठेवा. जानेवारीत नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, भरायला तीच रोपं मातीच्या गोळ्यासकट उचलून लावता येतात.

आपल्याकडची एक सवय इथे अंगाशी येते. कडधान्य म्हटलं की आपण रात्रभर भिजवतो. या पेरणीला भिजवू नका. आधीच फुगलेलं बी गार ओल्या मातीत गेलं की मोड येण्याआधी कुजतं. बी कोरडंच टोका, जमिनीतली ओल त्याला पुरते. हरभऱ्याला चोळतो तसं रायझोबियमही माझ्या मते लागत नाही. या पिकाला चालणारे जिवाणू इथल्या मातीत बहुधा असतातच. खात्री करायची असेल तर मे महिन्यात एक रोप मुळासकट काढा आणि मुळांवरची गाठ नखाने फोडून पाहा. आतून गुलाबी निघाली की जिवाणू कामाला लागलेले आहेत. म्हणूनच नत्राचं खत, कोंबडखत, ताजं शेणखत यातलं काही घालू नका. नत्र मिळालं की रोप लुसलुशीत होतं, आणि लुसलुशीत रोप हिवाळ्यात टिकत नाही. लाकडाची राख असेल तर मूठ-दोन मूठ जरूर टाका, पालाश मिळतो.

उंदीर हा प्रश्न तुमच्याकडे आहे की नाही हे आजोबांना विचारा. माझ्याकडे आहे. एका रात्रीत सरळ रेषेत, मोजून मापून, एकेक बी उकरून नेतात. जणू मीच त्यांना ओळ आखून दिली. होली नावाच्या झुडपाची काटेरी पानं टोकणीच्या चरात टाकणं, बियांना रॉकेल चोळणं असे जुने उपाय इथले लोक सांगतात. पानांचा मला थोडा उपयोग झाला, रॉकेल खायच्या पिकाला लावायचं माझ्या मनाला पटलं नाही. बारीक जाळी ओळीवर पसरून कडा मातीत गाडल्या तर बऱ्यापैकी बचाव होतो. कोंब चांगला वर आला की उंदरांचा रस संपतो आणि कबुतरांचा सुरू होतो, तेव्हा जाळी काढायची घाई करू नका.

चिकण माती आणि उंदीर दोन्ही असतील, तर गेली काही वर्षं मी करते ते करा. टॉयलेट रोलच्या पुठ्ठ्याच्या नळ्या वर्षभर साठवा, एका ट्रेमध्ये उभ्या दाटून लावा, पॉटिंग कंपोस्ट भरा आणि प्रत्येकीत एक बी. ट्रे गरम न केलेल्या ग्रीनहाउसमध्ये, शेडच्या खिडकीत किंवा भिंतीच्या आडोशाला झाकून ठेवा. स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवू नका. तिथे ऊब जास्त आणि उजेड कमी, रोपं पोपटी होऊन लांबलचक वाढतात. तीन-चार आठवड्यांत रोप बोटभर झालं की नळीसकट जमिनीत लावा. पुठ्ठ्याची कड मातीच्या वर राहू देऊ नका, वाऱ्याने वाळते आणि नळीतली ओल शोषून घेते. ऑक्टोबरच्या शेवटी पेरलेली रोपं नोव्हेंबरअखेर लावली तरी चालतात. जमीन गोठलेली किंवा चिखल झालेली असेल तर ट्रे बाहेर आडोशाला ठेवून वाट पाहा.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: पाणी जिरत असेल तर ऑक्टोबरच्या मध्यापासून शेवटापर्यंत थेट टोका, जिरत नसेल तर नळ्यांमध्ये करा, वाण काटक घ्या, बी कोरडं ठेवा, नत्र देऊ नका.

त्यानंतर हिवाळाभर काम जवळजवळ नाही. डिसेंबर-जानेवारीत रोप वाढताना दिसणार नाही, ते ठीकच आहे. कडक फ्रॉस्टचा अंदाज असेल तर फ्लीस (रोपं झाकायचं पातळ कापड) टाका, पण आठवडेच्या आठवडे गुंडाळून ठेवू नका. आत दमट हवा कोंडली की बुरशी येते. खरी जपणूक लागते ती फेब्रुवारीअखेर. २०१८ मध्ये फेब्रुवारी संपता संपता पूर्वेकडून ते बर्फाळ वारे आले, तेव्हा माझ्या रोपांना २०१० पेक्षा जास्त मार बसला, कारण ती नुकतीच वाढीला लागली होती. नवी कोवळी फूट आणि गार वारा यांचं जमत नाही. तेव्हा ओळीच्या दोन्ही बाजूंना खुंट्या रोवून सुतळीचे दोन पदर ओढून घ्या, हे फेब्रुवारीतच. रोपं आडवी झाल्यावर बांधायला गेलात तर पोकळ खोडं हातात येतात.

मार्चमध्ये पानांच्या कडांना अर्धगोल खाचा दिसतील, जुन्या कंडक्टरने तिकिटाला चिमटा काढावा तशा. तो एक करडा भुंगेरा. रोप मोठं असेल तर दुर्लक्ष करा. पानांवर चॉकलेटी ठिपके दिसले तर तो बुरशीचा रोग. दाट लावण, ओली हवा आणि आम्लधर्मी जमीन असली की तो पसरतो. शरदातल्या पिकाला तो वसंतातल्यापेक्षा जास्त होतो, हे आजोबांनी बहुधा सांगितलं नसेल. थोडे ठिपके असतील तर पीक येतं. ठिपके एकमेकांत मिसळून पानं काळी पडायला लागली तर ती रोपं काढून टाका. अंतर सोडायला सांगितलं ते याचसाठी.

आता तुमचा मावा. काळ्या माव्याची अंडी हिवाळ्यात स्पिंडल नावाच्या झुडपावर असतात. तिथून मे महिन्यात पंखवाला मावा उडतो आणि कोवळा शेंडा शोधतो. तुमची मार्चमधली रोपं त्या वेळी ऐन भरात वाढत होती, शेंडा लुसलुशीत, शेंगा अजून धरायच्या होत्या. शरदातलं रोप तोपर्यंत फुलून खालच्या झुबक्यांत शेंगा धरून बसलेलं असतं. म्हणजे मावा लागत नाही असं नाही, तो येतो तेव्हा आपलं काम बरंचसं झालेलं असतं आणि शेंडा खुडून टाकायची आपल्याला मोकळीक असते. वसंतातल्या लहान रोपाचा शेंडा खुडला तर पुढची फुलंच जातात.

शेंडे खुडणं तुम्हाला नवीन नसेल. हरभऱ्याचे खुडतोच की आपण. खालच्या शेंगा करंगळीएवढ्या झाल्या की वरचा चार बोटं शेंडा खुडा. मावा अजून बसलेला नसेल तर त्याची भाजी करा: लसूण, सुकी मिरची, थोडं बेसन पेरून. हरभऱ्याच्या भाजीचा आंबटपणा नसतो, पण कोवळ्या वाटाण्याचा वास येतो. मावा बसलेला असेल तर शेंडा सरळ बादलीतल्या पाण्यात. फुलं असताना कुठलीही फवारणी करू नका, या फुलांवर भुंगमाश्यांची दिवसभर वर्दळ असते. काही भुंगमाश्या फुलाच्या बुडाला भोक पाडून मागच्या दाराने मध चोरतात. फुलाला भोक दिसलं म्हणून घाबरू नका, शेंग तरीही धरू शकते.

शेंगा माझ्याकडे जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतात. तुमच्याकडे आठवडाभर उशीर धरा. वसंतातल्या पिकापेक्षा सरासरी दोन-तीन आठवडे आधी, एवढाच फायदा आहे. एखाद्या वर्षी तोही नसतो. खालून वर तोडत जा. दाणा देठाला जिथे चिकटलेला असतो ती रेघ हिरवी किंवा पांढरी असेल तर दाणा सालासकट खा. रेघ काळी पडली की साल चिवट. तेव्हा दाणे दोन मिनिटं उकळत्या पाण्यात घालून गार पाण्यात काढा आणि वालाची बिरडं सोलतो तसे चिमटीत दाबा, डाळिंबी टुणकन बाहेर येते. आमच्याकडे याची नारळ-कोकम घालून उसळ होते. सासूबाईंनी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा 'कडवेपणा कुठाय?' असं विचारलं होतं. रोह्याच्या वालाशी तुलना केलीत तर निराश व्हाल, वाटाण्याशी केलीत तर खूश.

खाण्याआधी एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्यांनी ब्रॉड बीन्स अजिबात खायच्या नसतात. त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात. एक-दोन दिवसांत थकवा, कावीळ, गडद रंगाची लघवी दिसते आणि वेळ पडली तर रुग्णालय गाठावं लागतं. मुलग्यांमध्ये ही कमतरता आईकडून येते, त्रास पुरुषांना आणि मुलग्यांना जास्त होतो, आणि भारतातल्या काही समाजांत ती बऱ्यापैकी आढळते. घरात कुणाला मलेरियाच्या गोळ्यांनी किंवा लहानपणी अशी कावीळ झाल्याचं आठवत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारून रक्ताची तपासणी करून घ्या. लहान मुलांना पहिल्यांदा देताना तर नक्कीच.

पीक संपलं की झाडं उपटू नका, जमिनीलगत कापा. मुळांवरच्या गाठी मातीत राहू द्या. या पिकाचा बेवड, म्हणजे जमिनीत मागे राहिलेला कस, कोबीवर्गीय भाज्यांना छान मानवतो. मी जूनअखेर तिथे केल किंवा लीक लावते आणि कडेला मेथी फेकते.

राहता राहिलं, सगळं बी आत्ताच लावू का. नको. पहिल्याच वर्षी तुमच्या वाफ्यात काय टिकतं हे ना मला सांगता येईल ना आजोबांना. निम्मं आत्ता लावा, निम्मं कोरड्या डब्यात ठेवा. शरदातलं पीक गेलं तर फेब्रुवारीअखेर ते हाताशी असेल. टिकलं तर जुलैमध्ये दुसरी खेप मिळेल, फक्त तिच्यावर मावा बसणार हे धरून चाला. तेवढ्यानंही बी उरलं तर टाकू नका, पुढच्या शरदात ते चांगलं उगवतं.